वाचून संपलेली पुस्तके

बाबूराव अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, हे वाक्य मराठीत इतक्या वेळा छापले गेले आहे की ते वाचून आता कुणी दचकत नाही. मी एकदा कागद घेऊन हिशेब मांडला. लेखनाची पन्नास वर्षे धरली, तर वर्षाला वीस, म्हणजे दर अडीच आठवड्यांनी एक पुस्तक. प्रत्येकाच्या अगदी हजारच प्रती निघाल्या असे मानले, तरी एकट्या बाबूरावांची दहा लाख पुस्तके मराठी घरांतून, चाळींतून, लोकलच्या डब्यांतून फिरली. १९७०च्या आसपास गुरुनाथ नाईक आले आणि त्यांच्याही नावावर हजाराच्या वरचा आकडा सांगितला जातो. शिवाय मधुकर अर्नाळकर, दिवाकर नेमाडे, सुहास शिरवळकर आणि बाकीचे अनेक.

ही सगळी पुस्तके गेली कुठे?

कवितासंग्रहाची पाचशे प्रतींची आवृत्ती पन्नास वर्षांनी कुठल्याही बऱ्या ग्रंथालयात सापडते. लाखांनी छापलेली रहस्यकथा सापडत नाही. रहस्यकथा हलकी होती, म्हणून ती टिकली नाही, असे उत्तर तयारच असते. मला ते पटत नाही. हलकी आणि तरीही टिकलेली पुस्तके मराठीत भरपूर आहेत. नावे घेत नाही, दिवाळीचे दिवस आहेत.

मी साकीनाक्याला राहतो, आणि माझ्याकडचा बराचसा पुरावा खैरानी रोडच्या गाळ्यांतून आलेला आहे. या रस्त्यावर पत्रा, प्लास्टिक, पुठ्ठा आणि कागद यांची वर्गवारी चालते. उपनगरांतल्या रद्दीवाल्यांकडून आलेला माल इथे उतरतो आणि वजनावर पुढे जातो. वर्तमानपत्राचा भाव वेगळा, वह्यांचा वेगळा. जुनी बांधीव पुस्तके मात्र गाळेवाल्याच्या कपाळाला आठ्या घालतात, कारण पुठ्ठा, कापड आणि सरस सोडवल्याशिवाय कागद विकता येत नाही. या आठीमुळेच ती आठवडाभर कोपऱ्यात पडून राहतात. तेवढ्यात मी पोचलो तर पोचलो.

तिथे मिळालेल्या रहस्यकथा एकेकट्या क्वचितच असतात. चार-पाच पातळ पुस्तके एकत्र शिवून, जाड पुठ्ठा घालून, पाठीवर काळे कापड डकवलेले असते. बाइंडरने कडा कापताना ओळींची टोकेही कापली आहेत, त्यामुळे ‘पिस्तूल’चे ‘पिस्तू’ झालेले असते. रंगीत मुखपृष्ठे बहुधा नाहीत. पहिल्या पानावर वाचनालयाचा शिक्का, आणि पहिले पान फाडून पुस्तक लंपास होऊ नये म्हणून आतल्या एका ठरावीक पानावर पुन्हा तोच शिक्का. एका पुस्तकात सहाव्या पानाच्या समासात कुणीतरी पेन्सिलीने ‘खुनी दिवाणजी आहे’ असे लिहून ठेवले आहे. त्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात त्या इसमाच्या मातोश्रींचा उद्धार आहे. मराठी वाचकाचा इतका प्रामाणिक प्रतिसाद मला कुठल्याही समीक्षाग्रंथात आढळलेला नाही.

या बांधणीवरून एक गोष्ट उघड होते. ही पुस्तके विकत घेऊन कपाटात ठेवण्यासाठी नव्हती. ती भाड्याने देण्यासाठी होती.

मराठीत रहस्याची चटक तशी जुनी. एकोणिसाव्या शतकात जॉर्ज रेनॉल्ड्स या इंग्रज कादंबरीकाराने इकडच्या शिकलेल्या तरुणांना वेड लावले होते. त्याच्या मायदेशी तो डिकन्सच्या पंगतीला कधी बसला नाही, पण हिंदुस्थानात भाषेगणिक त्याची रूपांतरे झाली. मराठीत ते काम सर्वांत झोकात केले गोविंद नारायण दातारशास्त्र्यांनी (१८७३–१९४१). ‘कालिकामूर्ती’, ‘अधःपात’, ‘बंधुद्वेष’, ‘इंद्रभुवनगुहा’ ही नावे वाचूनच भुयाराचे दार करकरते. दातारांच्या कादंबऱ्या मात्र जाडजूड होत्या, संस्कृताचे वळण घेतलेल्या होत्या, आणि पुढे शशी भागवतांसारख्या लेखकाने ‘मर्मभेद’मध्ये तो पंथ पुन्हा चालवला, इतक्या त्या वाचकांच्या डोक्यात टिकल्या.

त्या काळातल्या पुस्तकांचा माग काढणे आजच्यापेक्षा सोपे आहे, याचे मला नेहमी नवल वाटते. १८६७ साली इंग्रज सरकारने छापखाने आणि पुस्तके यांच्या नोंदणीचा कायदा केला. प्रत्येक मुद्रकाने छापलेल्या पुस्तकाची प्रत सरकारजमा करायची, आणि सरकारने दर तिमाहीला यादी प्रसिद्ध करायची: नाव, भाषा, लेखक, विषय, छापखाना, पाने, आकार, आवृत्ती, किंमत आणि प्रतींची संख्यासुद्धा. हेतू वाङ्मयसेवेचा नव्हता. आपल्या पाठीमागे नेटिव्ह काय छापतो यावर नजर ठेवायची होती. पण पोलिसी संशयाने ठेवलेल्या नोंदीत चांगले-वाईट असा भेद नसतो. गाथा आणि गुप्तहेर शेजारी शेजारी बसतात.

दुसरा उपकार शंकर गणेश दात्यांचा. त्यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’चा १८०० ते १९३७ हा भाग १९४३ साली आला, आणि १९३८ ते १९५० हा पुढचा भाग १९६१ साली. दात्यांनी पुस्तक प्रतिष्ठित आहे का, हे विचारले नाही. ते मराठीत छापले आहे का, एवढेच पाहिले. सूचीकाराला अभिरुची नसावी, असे माझे मत आहे. निदान कामाच्या वेळी तरी. गंमत अशी की दात्यांची सूची १९५० साली थांबते, आणि रहस्यकथेची खरी भरती त्याच सुमारास चढू लागते.

भरती चढली ती खाजगी वाचनालयांच्या जोरावर. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या १८९८ सालच्या संस्थेत सभासद व्हायचे, वर्गणी भरायची, घटना आणि कार्यकारिणी यांच्या सावलीत वाचायचे, हा एक प्रकार. दुसरा प्रकार म्हणजे जिन्याखालच्या जागेत किंवा किराणा दुकानाच्या अर्ध्या फळीवर कुणीतरी थाटलेली ‘सर्क्युलेटिंग लायब्ररी’. अनामत थोडी, भाडे दिवसावर. गिरगाव-परळला ती होतीच, पण कारखाने उपनगरांत सरकले तशी तीही सरकली. पवईचा लार्सन अँड टुब्रो, कुर्ल्याचा प्रीमियर, आणि अंधेरी-कुर्ला रस्त्याच्या दोन्ही अंगांची लहानमोठी युनिटे यांत कोकणातून नि घाटावरून आलेला माणूस कामाला होता. साकीनाक्यापासून असल्फा-घाटकोपरपर्यंत त्याच्या बैठ्या चाळी होत्या. रात्रपाळीचा कामगार दुपारी झोपेपूर्वी पुस्तक वाचे, तो झोपला की तेच पुस्तक बायको वाची, आणि संध्याकाळी परत करायला पोराला पिटाळले जाई. पोर रस्त्याने चालता चालता शेवटची वीस पाने उरकी. भाडे एक, वाचक तीन.

भाडे दिवसावर असल्यामुळे रहस्यकथेचा घाट ठरला, असे मी ही पुस्तके हाताळून म्हणतो. शंभर-सव्वाशे पानांचे पुस्तक एका रात्रीत संपते. दोनशे पानांचे झाले तर दुसऱ्या दिवसाचे पैसे पडतात आणि वाचक कुरकुरतो. मुखपृष्ठावर लेखकाच्या नावाइतकेच नायकाचे नाव मोठे, कारण फळीसमोर उभा असलेला वाचक ‘अर्नाळकरांचे द्या’ म्हणण्याऐवजी ‘नवा झुंजार आला का?’ असे विचारी. पहिल्या परिच्छेदात पाऊस, टेलिफोन किंवा प्रेत यांपैकी काहीतरी हवेच; निसर्गवर्णनाला दिवसाच्या भाड्यात जागा नाही. आणि सर्वांत महत्त्वाचे, पुस्तक पुन्हा वाचले जाणार नाही हे लेखकाला ठाऊक आहे. पुनर्वाचन वाचनालयाला परवडते, पण वाचकाला नाही. त्यामुळे धागे लपवण्याची, दुसऱ्या वाचनात उमगणाऱ्या खुणा पेरण्याची जी कारागिरी ॲगाथा ख्रिस्तीत दिसते, ती इथे फारशी नाही. इथे वेग आहे. मराठी रहस्यकथेला ‘तर्काची बाजू लंगडी’ असा दोष देणारे समीक्षक विकत घेतलेल्या पुस्तकाचे माप भाड्याच्या पुस्तकाला लावतात.

मात्र एका बाबतीत ही पुस्तके फार बारकाईने वाचावीत असे मला वाटते. ती बाब म्हणजे पोलीस.

अर्नाळकरांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण, जन्म १९०६चा. त्यांच्या कोवळ्या वयात मुंबईत गाजलेला गुन्हा म्हणजे १२ जानेवारी १९२५ला मलबार हिलवर झालेला अब्दुल कादिर बावलाचा खून. इंदूर दरबारातून निसटलेली मुमताज त्याच्या मोटारीत होती. मारेकऱ्यांवर खटला चालला, शिक्षा झाल्या. संशयाची सुई ज्या दरबाराकडे वळली, त्या महाराजा तुकोजीराव होळकरांना मात्र कोर्टाची पायरी चढावी लागली नाही. त्यांनी १९२६ साली गादी सोडली आणि प्रकरण मिटले. मुंबईतल्या साध्या माणसाने यातून जे शिकायचे ते शिकले: कायद्याचा हात लांब असतो, पण वरच्या मजल्यापर्यंत पोचत नाही. शिवाय तो हात परक्या सरकारचा. मुंबईला पहिला भारतीय पोलीस आयुक्त, जे. एस. भरुचा, मिळाला तोच १९४७ साली.

अशा शहरात रहस्यकथेचा नायक खाकी वर्दीतला कसा असणार? अर्नाळकरांचे लाडके नायक वर्दीच्या बाहेरचे आहेत. होम्स-वॉटसनच्या सावलीत वाढलेली धनंजय आणि छोटू ही जोडी आहे खरी, पण लोकांनी डोक्यावर घेतले ते झुंजारला आणि काळापहाडला. हे दोघे कायद्याच्या कुंपणावरून उड्या मारणारे. लबाडाच्या तिजोरीवर हात मारायचा, दुबळ्याची बाजू घ्यायची, आणि पोलीस पोचेपर्यंत पसार व्हायचे. लेस्ली चार्टरिसच्या ‘सेंट’शी त्यांचे नाते सांगता येईल. पण इंग्लंडात सेंट हा चैनीचा प्रकार होता. इथे त्याला तक्रारीचा वास आहे.

गुरुनाथ नाईकांची पहिली कादंबरी ‘मृत्यूकडे नेणारे चुंबन’ १९७०ची. त्यांचे नायक पाहा: कॅप्टन दीप, मेजर भोसले. चीनचे युद्ध झाले होते, पाकिस्तानशी १९६५ साली झाले होते आणि १९७१ साली पुन्हा व्हायचे होते. गुन्हेगार आता दिवाणजी किंवा सावत्र भाऊ नसतो. तो सीमेपलीकडून आलेला असतो. राज्य आपले झाले, तेव्हा नायकाला हुद्दा मिळाला. पण लक्षात घ्या, हुद्दा लष्करातला आहे. कॅप्टन आणि मेजर यांच्यावर वाचकाचा विश्वास बसला. चौकीतल्या हवालदारावर बसायला अजून अवकाश होता.

सुहास शिरवळकर (१९४८–२००३) यांनी तिसरी वाट काढली. त्यांच्याकडे दारा बुलंद आहे, फिरोज इराणी आहे, मंदार पटवर्धन आहे. पण मला सर्वांत बोलके पात्र वाटते ते बॅरिस्टर अमर विश्वास. नायक प्रथमच कोर्टात उभा राहतो आणि कायद्याच्याच शब्दांनी लढतो. पेरी मेसनचे ऋण आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. तरी ‘विश्वास’ हे आडनाव लेखकाने उगीच निवडले असेल असे मला वाटत नाही. त्याच सुमारास श्रीकांत सिनकर मुंबई पोलिसांच्या खऱ्या तपासांवर लिहू लागले. ‘सैली : १३ सप्टेंबर’सारख्या पुस्तकांत काळापहाडाचा बुरखा नाही. जागरणे करणारे, चहावर चहा पिणारे, साध्या कपड्यांत माग काढणारे अधिकारी आहेत. मराठी रहस्यकथेत पोलीस नायक व्हायला इतकी वर्षे लागली.

म्हणजे या चार लेखकांच्या रांगेत शहरातल्या साध्या मराठी माणसाचे कायद्याशी बदलत गेलेले नाते क्रमाने नोंदलेले आहे. ते ना आमच्या सामाजिक कादंबरीत इतके सरळ सापडते, ना नवकथेत. नवकथाकारांना चौकीत जाण्याचे प्रसंग कमी आले असावेत.

बंगालीत चित्र वेगळे दिसते, आणि तुलना थोडी झोंबते. प्रियनाथ मुखोपाध्याय हे स्वतः कलकत्त्याच्या पोलिसांत होते. त्यांचे ‘दारोगार दप्तर’ १८९२पासून निघू लागले. पुढे शरदिंदू बंद्योपाध्यायांनी १९३२ साली ब्योमकेश आणला, सत्यजित राय यांनी १९६५ साली फेलुदा. एकाने ऐतिहासिक कादंबऱ्या लिहिल्या, दुसऱ्याने जगाला सिनेमा दाखवला. हेर निर्माण केल्याबद्दल त्यांना कुणी पंगतीतून उठवले नाही. त्यामुळे ब्योमकेश बांधीव खंडांत बंगाली घरांत पोचला आणि १९९३ साली दूरदर्शनवरून आपल्याही. आमच्याकडे पंगती वेगळ्या होत्या. अनंत अंतरकरांनी ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’मधून त्या जवळ आणायचा प्रयत्न केला, आणि रहस्यकथांनाच वाहिलेला ‘धनंजय’सारखा दिवाळी अंक चिकाटीने निघत राहिला. तरी शिरवळकरांचे नाव आज घ्यायचे तर ‘दुनियादारी’ आधी आठवते, बॅरिस्टर अमर विश्वास नंतर.

मग जानेवारी १९८२ उजाडला. ११ तारखेला वडाळ्यात पोलिसांनी मन्या सुर्वेला गोळ्या घातल्या. शहरातली पहिली चकमक म्हणून ती आता सांगितली जाते. बरोबर आठवड्याने, १८ तारखेला, अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. दोन्ही घटनांचा एकमेकींशी संबंध नाही, पण रहस्यकथेशी दोन्हींचा आहे. तपास, पुरावा, खटला या साखळीवर रहस्यकथा उभी असते. चकमकीत ती साखळीच लागत नाही. वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावर रोज जे येऊ लागले, त्यापुढे शंभर पानांची कथा पुळचट वाटू लागली. आणि संपाने तो भाड्याने पुस्तक नेणारा वाचक गावी गेला, किंवा इथेच राहून दिवसाचे भाडे वाचवू लागला. त्याच वर्षाखेरीस आशियाई खेळांबरोबर रंगीत टीव्ही आला. पुढे बी. पी. सिंग यांची ‘एक शून्य शून्य’ मालिका मुंबई दूरदर्शनवर लागली की आमच्या चाळीत वाचनालयाच्या वेळेला कुणी बाहेर पडत नसे. तीच मंडळी १९९८ साली ‘सीआयडी’ घेऊन देशभर गेली. साकीनाक्याला लागून असलेल्या चांदिवलीच्या स्टुडिओत आजही रोज कुठे ना कुठे खोटे प्रेत पडलेले असते.

वाचनालये बंद झाली तेव्हा त्यांच्या फळ्या व्हिडिओ कॅसेटवाल्यांनी घेतल्या, आणि पुस्तके गेली वजनावर. म्हणजे आमच्याच खैरानी रोडला, किंवा तिच्यासारख्या दुसऱ्या रस्त्याला.

कायद्याने असे व्हायला नको होते. १९५४च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे प्रत्येक प्रकाशकाने आपल्या पुस्तकाची एकेक प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला, आणि मद्रास, मुंबई व दिल्लीच्या ठरवून दिलेल्या ग्रंथालयांना स्वखर्चाने पाठवायची असते. न पाठवल्यास दंड पन्नास रुपयांपर्यंत, शिवाय पुस्तकाची किंमत. महिन्याला ढीगभर पुस्तके काढणाऱ्या आणि टपालखर्चही मोजून करणाऱ्या प्रकाशकाला यातला धाक किती वाटला असेल, हे वाचकांनीच ठरवावे. १८६७ची नोंद संशयाने चोख ठेवली गेली होती. १९५४ची नोंद विश्वासावर सोडली गेली.

अलीकडे अर्नाळकरांच्या निवडक कथा नव्याने छापल्या गेल्या. धारपांच्या भयकथांना ‘तुंबाड’च्या निमित्ताने नवे वाचक मिळाले. आनंद आहे. पण निवडीने इतिहास मिळत नाही. निवड करणारा उत्तम कथा घेतो. मला हव्या आहेत त्या पावसाळ्यात, घाईत, अडीच आठवड्यांची मुदत पाळायला लिहिलेल्या चारचौघींसारख्या कथा, कारण पोलीस तेव्हा कसा दिसत होता हे त्यांतच नकळत उतरते.

म्हणून गेली काही वर्षे मी एक यादी करतो आहे. तिचे रकाने १८६७च्या सरकारी यादीवरून जसेच्या तसे उचलले: नाव, लेखक, छापखाना, पाने, आकार, आवृत्ती, किंमत. प्रतींच्या संख्येचा रकाना काढून टाकावा लागला. ती या पुस्तकांवर छापलेली नसते. माझ्या जवळच्या बऱ्याच पुस्तकांवर सालही नाही, कारण साल छापले की पुस्तक जुने दिसते आणि जुने पुस्तक भाड्याने जात नाही. मग छापखान्याचा पत्ता, किमतीतले आणे की पैसे, मागच्या पानावरच्या ‘आगामी’ पुस्तकांची जाहिरात, असे एकेक धागे धरून साल काढावे लागते. नवे पैसे १९५७ साली आले, तेव्हा आण्यात किंमत असलेले पुस्तक त्याच्या आसपासचे किंवा आधीचे, इतके तर ठरते. नायकाच्या हातात टेलिफोन आहे की तो तार करतो, हेही पाहतो.

या अंकाच्या आधी घरोघर माळे साफ झाले असतील. काळ्या कापडाच्या पाठीचे, चार पुस्तके एकत्र शिवलेले एखादे बाड अजून दाराशी रद्दीत असेल, तर ते देण्यापूर्वी त्याच्या शेवटच्या पानावरची मुद्रकाची ओळ आणि किंमत तेवढी उतरवून ठेवा. मुखपृष्ठ नसले तरी चालेल.